नांगर, खुंटा की तणावा? तरंगत्या पवनचक्क्यांच्या बांधणीचे शब्द

प्रश्न : अनुवाद_राजारामपुरी

डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांसाठी तरंगत्या पवनचक्क्यांवर मराठी माहितीपत्रक करते आहे. ‘अँकर’ला सरसकट ‘नांगर’ लिहिलंय, ‘सक्शन अँकर’ला ‘शोषण नांगर’ आणि ‘मूरिंग लाइन’ला, म्हणजे चक्की अँकरला बांधणाऱ्या साखळी-दोराला, ‘बांधणी रेषा’. तिन्ही शब्द वाचताना अडखळायला होतं. नेमकं काय लिहावं?

उत्तर : फाळ_आणि_इसाड

‘नांगर’ मराठीत दोन्हीकडून आलाय. संस्कृत ‘लाङ्गल’ म्हणजे शेतातला, फारसी ‘लंगर’ म्हणजे जहाजाचा. आपल्याकडे दोघांचं रूप एकच झालं. म्हणून शेतही नांगरतात आणि होडीही नांगरतात. पण पत्रकात हा शब्द एकाच प्रकाराला ठेवावा, ‘ड्रॅग अँकर’ला, कारण तो खरोखर नांगरासारखाच चालतो.

त्यालाही फाळ असतो आणि इसाडासारखा दांडा असतो. ओढलं की फाळ तळात शिरतो, आणखी ओढलं की आणखी खोल जातो. सगळी मेख फाळ आणि दांडा यांच्यातल्या कोनात आहे. मऊ चिखलात हा कोन 50 अंशांच्या आसपास ठेवतात, वाळूत 30 ते 32. चिखलाचा कोन वाळूत लावला तर फाळ शिरतच नाही, नांगर उलथून तळावरून फरफटत जातो. वाळूचा कोन चिखलात ठेवला तर तो उथळच राहतो आणि पकड कमी मिळते. आपण वाफसा बघून नांगर जोडतो, तसं तिथं आधी शंकू खुपसून आणि नमुने काढून तळाची माती तपासतात.

बसवताना फाळ खालच्या बाजूला येईल असा सोडायचा, साखळी सरळ पसरायची आणि टगनं, म्हणजे ओढणाऱ्या बोटीनं, हळूहळू ताण वाढवत न्यायचा. ठरलेल्या ताणावर साधारण 15 मिनिटं धरून नांगर सरकतो का ते बघतात. आणि हे पत्रकात ठळक हवं : हा नांगर आडवी ओढ सोसतो, वरची ओढ सोसत नाही. साखळी तळावरून पूर्ण उचलली गेली की दांडा वर खेचला जातो आणि नांगर निघतो. वादळात धोका तिथंच असतो, म्हणून साखळीची लांबी कधी कापून वाचवू नये.

उत्तर : उपसा_पंप

‘शोषण नांगर’ मात्र नको. एक तर शोषण म्हटलं की वाचकाला मजुरांचं शोषण आठवतं. दुसरं म्हणजे तो नांगर नाहीच, खुंटा आहे.

उपडी घातलेली बादली डोळ्यांपुढं आणा. पोलादी नळकांडं, वर झाकण, तळ उघडा. स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ 2017 साली सुरू झालेल्या हायविंड प्रकल्पात 5 पवनचक्क्या आहेत, प्रत्येकीला असे 3 खुंटे. व्यास सुमारे 5 मीटर, उंची सुमारे 16.

खाली सोडताना झाकणाची झडप उघडी ठेवतात, म्हणजे आतलं पाणी अडकत नाही. आपल्या वजनानं तो थोडा रुततो. कड सगळीकडून मातीत बसली की झडप लावून पंपानं आतलं पाणी उपसतात. आत दाब कमी होतो आणि बाहेरचं पाणी झाकणाला खाली दाबतं. 5 मीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ 19.6 चौरस मीटर भरतं. दाबाचा फरक फक्त 1 बार झाला तरी झाकणावर सुमारे 200 टनांचा भार येतो. हातोडा नाही, आदळआपट नाही.

खोली मिळाली की पंप काढून नेतात. पुढची वर्षानुवर्षं त्याला धरून ठेवते ती भिंतीलगतची माती आणि आतला मातीचा गड्डा. ‘शोषण’मुळे तो कायम ओढून बसलाय असा गैरसमज होतो. माझी सूचना ‘उपसा खुंटा’. उपसा सिंचनामुळे हा शब्द पंचगंगेच्या काठी कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. काढायचा झाल्यास उलट आत पाणी भरतात, खुंटा वर येतो.

बिघडतं कुठं? वाळूत पंप जोरात चालवला तर बाहेरचं पाणी कडेखालून वाट करून आत येतं आणि दाबाचा फरक टिकत नाही. चिकणमातीत आतला गड्डा फुगून वेळेआधी झाकणाला टेकतो, खुंटा अपुऱ्या खोलीवर थांबतो. मोठा दगड लागला तर कड मुडपते. म्हणून पंपाच्या दाबाइतकंच तिरपेपणावर लक्ष ठेवावं लागतं.

उत्तर : कडी_शिरोली

‘बांधणी रेषा’तल्या ‘रेषे’ला वजनच नाही, आणि इथं वजनावरच सगळं आहे. कडीत आडवी दांडी नसलेली, 100 मिलिमीटर जाड गजाची साखळी घ्या. एक कडी 600 मिलिमीटर लांब आणि सुमारे 335 रुंद, वजन 80 किलोच्या घरात. मीटरला 200 किलो पडतात. ही साखळी झोळ पडू देऊन सोडतात. वाऱ्यानं चक्की ढकलली की तळावरची साखळी उचलली जाते आणि तिचंच वजन चक्कीला परत ओढतं. याला ‘झोळाची साखळी’ म्हणावं.

ताणून बांधलेला पॉलिएस्टरचा दोर असेल तर मराठीत ‘तणावा’ आहेच, तंबूचा असतो तो. तिथं वजन नव्हे, दोराची लवचीकता काम करते. तणावा तळाला टेकू द्यायचा नाही, वाळूचे कण धाग्यांत शिरून आतून कापतात. म्हणून खालच्या टोकाला साखळीचाच तुकडा जोडतात. तणाव्याची ओढ तिरपी, वरच्या बाजूची. त्यामुळं त्याच्याबरोबर साधा नांगर चालत नाही, खुंट्यासारखं वरची ओढ सोसणारं काही लागतं.

साखळी झिजते मुख्यतः दोन जागी : तळाला टेकते तिथं, आणि वर तरंगत्या सांगाड्याला जोडते तिथं. वर गंज आणि वाकण्याचा थकवा दोन्ही असतात, म्हणून तपासणी तिथून सुरू करतात.

अनुवाद_राजारामपुरी

आभारी आहे. एक ओळ अशी बदलली : ‘नॉर्वेच्या हायविंड टॅम्पेनमध्ये 11 पवनचक्क्यांना 19 उपसा खुंटे असून प्रत्येक चक्कीला 3 साखळ्या आहेत.’ 33 साखळ्या 19 खुंट्यांवर कशा बसतात, असं कुणी विचारलं तर?

उपसा_पंप

‘सामाईक’ हा शब्द घाला, ताई. शेजारच्या चक्क्या एकच खुंटा वाटून घेतात, बांधावरच्या सामाईक विहिरीसारखा. 260 ते 300 मीटर खोलीवर प्रत्येक खुंटा कमी केला की जहाजाचे दिवस वाचतात. मात्र अशा खुंट्याला ओढ एकाहून अधिक दिशांनी येते. तेवढं एक वाक्य खाली जोडा.