मदत हवी आहे: गाडीवर चिकटलेलं टायरचं रबर निघत नाही

तिसरा गिअर:
रविवारी ट्रॅकवर गाडी पळवून आणली. पुढचा बंपर, चाकांच्या मागचा पत्रा, दारांचा खालचा भाग, सगळीकडे काळं रबर चिकटलंय. शाम्पूने दोनदा धुतली, ढिम्म हललं नाही. शनिवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय. रंग खराब न करता कसं काढू? सिरॅमिक कोटिंग करा, डीटेलिंगला द्या वगैरे नको. घरीच करायचंय. लवकर सांगा.

उलटा पाना:
रंग कंपनीचा की नंतर मारलेला? रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) किंवा पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) आहे का? मॅट फिनिश? डाग ठिपके आहेत की पट्टे? फोटो टाका.

रॉकेलकाका:
एवढी उलटतपासणी कशाला? फडक्यावर थोडं रॉकेल घ्या, पुसा, साबणाने धुवा. विषय संपला. डांबर आम्ही आयुष्यभर असंच काढलं.

क्लिअरकोट:
काका, रॉकेलने निघतं, नाही म्हणत नाही. पण तेलकट थर मागे राहतो आणि बिनरंगाच्या काळ्या प्लास्टिकवर डाग धरतो. टार रिमूव्हर, म्हणजे डांबर काढायचा फवारा, आणा. गाडी सावलीत, पत्रा गार. फवारा, मिनिटभर थांबा, रबर मऊ होऊन काळे ओघळ आले की मायक्रोफायबरने टिपून घ्या. घासू नका, रबरात ट्रॅकवरची वाळू रुतलेली असते, तीच क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर फिरते. फडकं सारखं पालटत राहा. उरलेल्या बारीक ठिपक्यांना क्ले बार (चिकटलेला मळ ओढून घेणारी मऊ वडी), पण भरपूर ओलं ठेवून. क्ले खाली पडला तर सरळ फेकून द्या.

रॉकेलकाका:
आणि त्या टार रिमूव्हरमध्ये काय गंगाजल असतं? तेही पेट्रोलियमचंच. बाटली चकचकीत, एवढंच.

क्लिअरकोट:
बऱ्याचदा असतं, मान्य. पण ते उडून जातं, रॉकेल बसून राहतं.

सुसाट:
थिनर मारा. दोन मिनिटांत साफ. मी नेहमी तेच करतो.

उलटा पाना:
अहो सुसाट, कंपनीचा रंग भट्टीत पक्का झालेला असतो, तिथे एखाद वेळी निभावून जातं. नंतर मारलेला असेल तर रबराबरोबर रंगही फडक्यावर येईल. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटला थिनर लागला तर ते वेगळंच. धागाकर्ते कुठे गेले?

चाकवेडा:
रिमवरचे तपकिरी डाग असतील तर ती ब्रेकची लोखंडी धूळ. आयर्न रिमूव्हर मारा, जांभळं होऊन वाहून जातं. बघायलाही मजा येते.

तिसरा गिअर:
रिमचं कुणी विचारलंय? गाडी पांढरी आहे, रॅप-बिप काही नाही. पुढचा बंपर गेल्या महिन्यात रंगवलाय. मागच्या बंपरवर हातभर काळा पट्टा आहे, ट्रॅकच्या कडेला टायर रचून केलेल्या भिंतीला गाडी घासली होती. फोटो चढत नाहीयेत.

उलटा पाना:
मग हे आधी नको का सांगायला! तीन वेगळी कामं झाली ही. दारांवर आणि पत्र्यावर क्लिअरकोट म्हणतात तसं करा. पुढच्या बंपरचा रंग अजून आतून वाळत असेल, तिथे कुठलंही सॉल्व्हंट (रॉकेल, टार रिमूव्हरसारखं विरघळवणारं द्रव) लावण्याआधी रंगवणाऱ्याला विचारा. विचारायचं नसेल तर कोमट साबणपाणी आणि नखाने हळूच, जेवढं सुटेल तेवढं. मागच्या पट्ट्यावरून नख फिरवा. अडकलं तर रबराखाली ओरखडा आहे, तो रिमूव्हरने जाणार नाही.

क्लिअरकोट:
सहमत. सॉल्व्हंटने वॅक्सही निघतं, काम झाल्यावर दारांना पुन्हा लावा. नव्या रंगाच्या बंपरला इतक्यात नको, वॅक्सखाली रंग कोंडला जातो.

शंकासूर:
रोजची गाडी ट्रॅकवर न्यायचीच कशाला? भिंतीला घासल्यावर विमा मिळाला का? साध्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या बहुधा वगळलेल्या असतात.

सुसाट:
आला ज्ञानयज्ञ.

शंकासूर:
आणि गिऱ्हाइकाला सांगणार ना, ट्रॅकवर पळवलीय म्हणून?

तिसरा गिअर:
शंकासूर, दुसरा धागा काढा.
दारं आणि पत्रा टार रिमूव्हरने स्वच्छ झाले. चाकाच्या कमानीच्या कडेला आत दुमडलेल्या जागी रबराचे तुकडे होते, ते बोटाने सोलून काढले. बंपरवाला म्हणतो अजून महिनाभर काही लावू नका, तिथे साबणपाण्याने निम्मं गेलं, निम्मं तसंच. मागचा काळा पट्टा गेला, पण खाली तीन ओरखडे आहेत आणि एकात नख अडकतंय. आता त्याचं काय?

रॉकेलकाका:
टूथपेस्ट.

उलटा पाना:
काका!! तिसरा गिअर, दोन ओरखडे हाताने पॉलिश करून फिके पडतील. नख अडकतंय तिथे टच-अप पेन, तेही पांढऱ्याची नेमकी छटा रंगाच्या कोडवरून बघून. कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असतो.

तिसरा गिअर:
दाराच्या चौकटीवर नाहीये. बॉनेटखाली बघतो.

चाकवेडा:
एक राहिलंच, ट्रॅकवर टायरमध्ये हवा किती ठेवली होती?