जुन्या लॅपटॉपवर मिंटच टाका

भाऊ, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर उबुंटू टाकू की मिंट, असं विचारलंय तुम्ही. दोन्ही विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणाली आहेत. लिनक्स मिंटची एक्सएफसीई (साध्या, हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्या. हलकी आहे, मेन्यूही खाली डावीकडेच, त्यामुळे विंडोजची सवय असलेला हात अडखळत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील.

पण लगेच इन्स्टॉल करू नका! आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. आमच्या रावेरकडे (जळगाव) केळीच्या काटापट्ट्यांचा, म्हणजे वजनाच्या पावत्यांचा, हिशोब एक्सेलमध्ये असतो. अशा साध्या फाइल मिंटमधल्या लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) नीट उघडतात, मॅक्रोवाल्या (आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्राम असलेल्या) मात्र अडू शकतात. आणि दुकानात टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर विंडोज अजिबात पुसू नका, ते विंडोजसाठीच बनतं. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण अक्षरमांडणी) कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो.