बोर्दोच्या बाटलीवर द्राक्षाचा वाण का लिहिलेला नसतो?

प्रश्न

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. आपल्याकडे बागेची चौकशी करताना पहिला प्रश्न वाणाचाच असतो: थॉमसन की सोनाका? फ्रान्समधील बोर्दोच्या बाटल्यांवर मात्र बहुधा पोयाक, मार्गो, पोमरोल अशी गावांचीच नावे दिसतात. मग बाटलीत कोणत्या वाणाची वाइन आहे हे ओळखायचे कसे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

तेथे गावाचे नाव वाचले की वाणाचा अंदाज येतो, कारण कोणता वाण कोठे लावायचा हे जमिनीनेच ठरवले आहे. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंदची खाडी होते. तिच्या डाव्या काठावरील मेदोक पट्ट्यात, म्हणजे पोयाक, सें-जुलियाँ, मार्गो या गावांत, वेलींच्या बुडाशी मातीपेक्षा गोटेच अधिक दिसतात. त्या गोट्यांतून पाण्याचा निचरा चटकन होतो आणि दिवसभराची ऊब टिकून राहते, म्हणून उशिरा पिकणारे कॅबर्ने सोव्हिन्यों तेथे नीट तयार होते. दोर्दोन्यच्या उजव्या काठाला, पोमरोल व सेंतेमिलियोंकडे, चिकणमाती आणि चुनखडी आहे. अशी जमीन गार राहते, त्यामुळे तेथे लवकर पिकणारे मर्लो आणि जोडीला कॅबर्ने फ्राँ लावतात. तरीही बहुतेक बाटल्यांत एकाहून अधिक वाणांचे मिश्रण असते आणि माझ्या मते बोर्दोचे खरे कौशल्य त्यातच आहे. एखाद्या वर्षी मर्लोचा फुलोरा पावसात सापडून गळ झाली, तर कॅबर्नेवर भिस्त ठेवता येते. नाव कॅबर्नेचे मोठे असले, तरी संपूर्ण प्रदेशात सर्वाधिक लागवड मर्लोचीच आहे.

उत्तर २

वरील उत्तरात पांढऱ्या वाणांचा उल्लेख राहिला आहे. बोर्दो शहराच्या दक्षिणेस, सोतेर्नजवळ, सिरों ही गार पाण्याची लहान नदी गारोनला मिळते आणि शरद ऋतूत पहाटे धुके दाटते. त्या ओलाव्यात सेमियों या पांढऱ्या वाणाच्या मण्यांवर बोट्रायटिस बुरशी धरते, दुपारच्या उन्हात मणी मनुक्यासारखे सुरकुततात आणि आतली साखर एकवटते; त्यातूनच तेथील गोड वाइन होते. सगळे मणी एकाच वेळी त्या अवस्थेला येत नसल्याने मजुरांना एकाच बागेत पुन्हा पुन्हा फिरून निवडक तोडणी करावी लागते. मात्र पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी सगळा घड कुजवते.

उत्तर ३

आपण डाऊनीसाठी (पानांवरील केवडा रोगासाठी) फवारतो ते बोर्डो मिश्रण याच प्रदेशातले. मेदोकमध्ये वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. १८८२ साली सें-जुलियाँ येथे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना आढळले की आतल्या वेलींची पाने डाऊनीने गळाली होती, पण निळसर डाग पडलेल्या या वेली हिरव्या होत्या. त्यावर प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.