दसऱ्याला आपण किती हार घेतले?

(जुन्या मोटारी जपणाऱ्यांच्या गटातील चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे गाव दिले आहे.)

जळगाव

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी झेंडू घेताना फुलवाल्या मावशींनी विचारले, "गाड्या किती?" मी सवयीने "एक" म्हणालो. दुसऱ्या दिवशी १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि मागे वळून पाहिले तर पडवीत आईची लूना आणि वडिलांची चेतक तशीच उभी होती. वडील असेपर्यंत असे कधी झाले नव्हते. पहिला हार ते लूनाला घालत. आई आरोग्यसेविका होती. आसोदा, भादली आणि त्यापलीकडच्या वस्त्यांवर तिने बावीस वर्षे या पन्नास सीसीच्या गाडीवर लसींचा डबा नेला. पेट्रोल संपले तर पेडल मारत ती गाव गाठत असे. डाव्या पेडलचे रबर आजही एका बाजूनेच झिजलेले आहे, कारण गाडी सुरू करताना ती त्याच बाजूवर टाच टेकवत असे. ते रबर बदलायला मी मेस्तरींना कधीच परवानगी दिली नाही.

आपण सारे मोटारींचे वेडे आहोत, हे एकमेकांना ठाऊक आहे. परंतु मोटारीशेजारी आणखी काय उभे आहे, ते कोणाचे आहे आणि ते चालू स्थितीत कसे ठेवता, याविषयी आपण आजवर बोललेलो नाही. कृपया सविस्तर लिहावे.

धुळे

१९८२ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे. किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो, हे नव्या मुलांना सांगितले तर पटत नाही. म्हणून मी त्यांना गाडीजवळ नेऊन दाखवतो. डावीकडचा गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते, आणि गाडी सुरू झाल्यावर तो पुन्हा खाली आणून त्यानेच गिअर टाकायचे. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे क्लचची तार तुटली असतानाही मी एकदा सोनगीरहून धुळ्यापर्यंत मुंबई-आग्रा महामार्गाने व्यवस्थित आलो.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यानंतर सुटे भाग मिळवणे हेच या गाडीचे खरे काम होऊन बसले. माझ्याकडे दोन जुने मॅग्नेटो, एक क्रँक आणि सायलेन्सरची एक जोडी तेलकट कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवलेली आहे. पत्नीने त्या पेटीवर "दागिने" अशी चिठ्ठी लावली आहे आणि ती अगदी योग्य आहे. पावसाळ्यानंतर दरवर्षी ठिणगी पाडणारे पॉइंट साफ करून त्यांतील अंतर तपासतो. पॉइंटवर पांढुरका थर आला की ठिणगी मंद होते, मग कितीही किक मारल्या तरी उपयोग होत नाही.

दादा, मातोश्रींच्या लूनाविषयी वाचून बरे वाटले. पेडलचे रबर तसेच असू द्यावे.

चोपडा

माझ्याकडे मोटार आहे ती यजमानांच्या हौसेची. माझी म्हणावी अशी गाडी म्हणजे १९९३ ची कायनेटिक होंडा. बी.एड.साठी दररोज जावे लागत असे आणि साडी नेसून किक मारणे मला जमत नसे. बटण दाबताच सुरू होणारी, गिअर नसलेली गाडी दारात आली, त्या दिवसापासून मी कोणालाही "मला सोडून या" असे म्हटले नाही. तिचे इंजिन अठ्ठ्याण्णव सीसीचे आणि दोन-स्ट्रोकचे आहे, परंतु ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावे लागत नाही. त्याची टाकी वेगळी असते आणि पंप आपोआप ऑइल पुरवतो. ही टाकी रिकामी होऊ देऊ नये. माझ्या भाच्याने ती एकदा रिकामी होऊ दिली आणि पिस्टन जाम झाले. रिबोर करून (सिलिंडर आतून घासून) घेतले तेव्हा त्यावरचे उभे ओरखडे मेस्तरींनी मला बोट फिरवून दाखवले. ती खरखर मला आजही आठवते.

लूनाच्या ताईंना माझा नमस्कार सांगावा.

जळगाव

ताई, आई २०१६ मध्ये गेली. आपला नमस्कार मी लूनाला सांगतो.

चोपडा

क्षमा असावी दादा, मला कल्पना नव्हती.

रावेर

जिप्सी हौसेची आहे, पण घरातले मानाचे वाहन म्हणजे आजोबांचा इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टर आणले. आमचा १९७१ चा आहे. हाच ट्रॅक्टर सावद्याच्या स्टेशनावर केळीच्या ट्रॉल्या घेऊन जात असे. वॅगन भरायच्या दिवशी रात्री दोनपासून रांग लागे. घडांना घासून डाग पडू नयेत म्हणून ट्रॉलीत खाली आणि बाजूंना केळीचीच पाने अंथरत असत. मी सात-आठ वर्षांचा असताना त्या पानांवर झोपून गेलो आहे. ओल्या पानांचा आणि डिझेलचा एकत्र वास कोठेही आला की मला सावदा आठवते.

आता शेतात दोन नवे ट्रॅक्टर आहेत आणि या जुन्याला फक्त पाण्याच्या टँकरला जोडतो. तरीही दर आठवड्याला तो सुरू करावाच लागतो, कारण फार दिवस उभा राहिला की डिझेलच्या नळीत हवा शिरते. "ट्रॅक्टरने एअर घेतली" असे आम्ही म्हणतो. मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, नंतर बुडबुडे कमी होत जातात आणि अखेरीस डिझेलची अखंड धार लागते. तेव्हाच बोल्ट आवळायचा. घाई केली तर सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. वडील ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना आता लांबचे स्पष्ट दिसत नाही, परंतु हे काम ते मला करू देत नाहीत. बोटाला लागणाऱ्या धारेवरून त्यांना हवा गेल्याचे समजते.

भंगारवाल्याने दिलेली किंमत मी येथे लिहीत नाही. वडिलांनी ती ऐकून त्याला चहा पाजला आणि परत पाठवले.

शहादा

माझी राजदूत मोटारसायकल एमएच-१८ क्रमांकाची आहे आणि त्यावरून मला दर वेळी प्रश्न विचारला जातो. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला आणि पुढे आपल्याला एमएच-३९ मिळाले. त्याआधीची जी वाहने आमच्याकडे आहेत, त्यांच्या पाटीवर धुळेच आहे. मला तो क्रमांक बदलायचा नाही. वडिलांनी दूध घालायला ही गाडी घेतली, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरच्या किटल्या बांधून तिसाहून अधिक वर्षे चालवली, आणि मागच्या मडगार्डवर किटल्यांच्या कड्यांनी पाडलेले दोन खळगे अजून तसेच आहेत. रंग दिला तेव्हा पेंटरने ते पुटीने भरले होते. मी ते पुन्हा काढायला लावले.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ मध्ये दुचाकीचे शुल्क तीनशेवरून एक हजारावर आणि मोटारीचे सहाशेवरून पाच हजारांवर गेले. पैशांचे मला फारसे वाटले नाही. परंतु एका कार्यालयात खिडकीमागील व्यक्तीने "हे लोखंड कशाला सांभाळता?" असे विचारले, ते मनाला फार लागले. त्या लोखंडावर आम्हा चार भावंडांचे शिक्षण झाले आहे.

जळगावच्या दादांची चेतक कोणत्या सालची आहे? आमचे सारंगखेडा जवळच आहे. दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा मी चेतक स्कूटरवर जातो. तिला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिलेले आहे, त्यामुळे तिचे तेथे जाणे मला शोभून दिसते.

जळगाव

नाना, १९८८ ची आहे. १९७२ ला सुरू झालेले मॉडेल बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा वडिलांनी ती पेपरातून कापून डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. पेट्रोलच्या लिटरला वीस मिली ऑइल, हे प्रमाण त्यांनी त्याच्याच खाली खडूने लिहिले होते. खडू पुसट झाला आहे, परंतु आकडा वाचता येतो.

"लोखंड" हा शब्द वाचून मलाही वाईट वाटले.

भुसावळ (सध्या पुणे)

माझ्याकडे मोटारीव्यतिरिक्त केवळ वडिलांची सायकल आहे, म्हणून लिहावे की नाही याचा विचार करत होतो. वडील रेल्वेत फिटर होते. भोंगा झाला की शेकडो सायकली एकदम यार्डाच्या दिशेने निघत. सायकलीला डायनॅमो आहे. चाक फिरले की दिवा लागतो, थांबले की विझतो. सोसायटीत एका सदनिकेला एकच वाहनतळ मिळतो, म्हणून ती सायकल मी गॅलरीत भिंतीला टांगली आहे. रविवारी खाली काढून चालवतो.

रावेरकर दादा, वडिलांच्या बोटांविषयी आपण लिहिले ते दोनदा वाचले.

अमळनेर

डिझेल बुलेट कोणाकडे आहे का? माझ्याकडे आहे, आणि सुटे भाग मिळवण्यात धुळेकर दादांपेक्षा माझी अवस्था बिकट आहे. इंजिन ३२५ सीसीचे, अश्वशक्ती साडेसहा, वेग साठ-पासष्टच्या पुढे जात नाही. परंतु एका लिटरमध्ये अमळनेरहून धुळ्याला जाऊन निम्म्याहून अधिक वाटेने परतही येता येते. कपाशीच्या हंगामात काका या गाडीवर गावोगाव फिरून भाव ठरवत. ती येत असल्याचे मैलभर आधी कळत असे आणि शेतकरी ओट्यावर येऊन थांबत. किक मारण्यापूर्वी डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधील दाब सोडणारा) खटका दाबून पिस्टन योग्य जागी आणावे लागते. तसे केले नाही तर किक उलटी फिरते आणि नडगीवर बसते. काकांच्या उजव्या नडगीवर ती खूण होती. पाच महिने बंद असलेली गाडी मागच्या अक्षय्यतृतीयेला सुरू झाली तेव्हा शेजारचे आबा आपल्या ओट्यावरूनच ओरडले, "चालू व्हयनी रे भो!"

जळगावकर दादांना एक विचारायचे आहे. मे महिन्यात पद्मिनीचे काय करता? माझ्या मेहुण्यांची गाडी उन्हात हमखास बंद पडते.

जळगाव

पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की इंजिनच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. त्यावर ओल्या कापडाशिवाय दुसरा उपाय मला सापडलेला नाही. या पेट्रोल पंपावर (मेस्तरी त्याला एसी पंप म्हणतात) सुती कापडाची ओली पट्टी गुंडाळावी, डिकीत पाण्याची बाटली ठेवावी आणि दर वीस किलोमीटरला ती पट्टी भिजवावी. वडील यासाठी आईच्या जुन्या नऊवारीच्या पट्ट्या फाडून ठेवत.

आणखी एक सांगतो, कारण हे पेट्रोलवर चालणाऱ्या सर्वच वाहनांना लागू आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर, पंपाचा पडदा यांना मऊ करते. आपली वाहने महिनोन्महिने उभी असतात, म्हणून ठेवताना कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. लूनाची नळी मी याच वर्षी बदलली. जुनी नळी दाबली तर ती भिजलेल्या चिंचेसारखी लागत होती.

चाळीसगाव

भुसावळकरांची सायकल सोडली तर सर्वांची वाहने इंजिनाची आहेत. आमच्या घरी अ‍ॅम्बेसेडर आहे आणि तिच्या शेजारी पणजोबांची दमणी, म्हणजे माणसांच्या प्रवासाची हलकी बैलगाडी, आहे. तिला दसऱ्याला नव्हे, पोळ्याला हार असतो. लग्नात वरमाईला आणायला, माहेरवाशिणीला आखाजीला (अक्षय्यतृतीयेला) आणायला ही दमणी जात असे. आजी याच दमणीतून या घरात आली.

चाके बाभळीची आहेत. उन्हाळ्यात लाकूड आटते आणि चाकाभोवतीची लोखंडी धाव (पट्टी) सैल होऊन खडखडू लागते, म्हणून चैत्र लागला की पूर्वी चाके काढून तितूर नदीत भिजत ठेवत. आता उन्हाळ्यात नदीला पाणी नसते, म्हणून मी हौदात ठेवतो. सात वर्षांपूर्वी धाव नव्याने बसवावी लागली. ते काम जाणणारे एकच वृद्ध लोहार आम्हाला मिळाले. त्यांनी गोवऱ्यांच्या गोल विस्तवात धाव लाल होईपर्यंत तापवली, चौघांनी सांडशीने उचलून ती चाकावर बसवली, लाकडाने पेट घेतला आणि त्याच क्षणी त्यांनी पाणी ओतायला सांगितले. वाफेत काहीच दिसत नव्हते. फक्त एकामागून एक आरे (चाकाचे दांडे) तुंब्यात, म्हणजे मधल्या गाभ्यात, घट्ट बसत असल्याचे कडकड आवाज ऐकू येत होते. प्रत्येक आवाजाला लोहारबाबा मान हलवत होते. बाराव्या आवाजानंतर ते म्हणाले, "झाले."

बैल आता घरी नाहीत. पोळ्याला शेजाऱ्यांची जोडी मागून आणतो आणि वेशीपर्यंत फेरी मारतो.

धुळे

चाळीसगावचे बापू, बारा आरे मोजणारे ते लोहारबाबा अद्याप काम करतात काय? आमच्या शेतावर एक खाचर (बैलगाडी) आहे, त्याच्या दोन्ही धावा सैल झाल्या आहेत.

चाळीसगाव

बाबा आता काम करत नाहीत, परंतु जवळ बसून सांगतात आणि नातू करतो. गोवऱ्या आपण आणाव्या लागतील, किमान दोनशे. फोन करून या.

शहादा

मला राजदूतच्या स्पीडोमीटरची केबल कोठेही मिळत नाही. धुळेकर दादा, आपल्या त्या पेटीत आहे काय?

धुळे

नाना, राजदूतची नाही, परंतु येझदीची एक जास्तीची आहे. लांबी मोजून कळवा. जुळत असेल तर चाळीसगावला जाण्याआधी आपल्याकडे पाठवतो. मडगार्डच्या त्या दोन खळग्यांचा एक फोटो मात्र अवश्य पाठवावा.

जळगाव

काल बाजारात गेलो होतो. दिवाळीच्या पाडव्यासाठी तीन हारांची आगाऊ मागणी नोंदवली आहे. मावशींनी विचारले, "गाड्या वाढल्या वाटते?" लूनाचा हार छोटा लागेल, हे त्यांना हाताने माप दाखवून सांगितले.