मदत हवी आहे: होडीतली जिवंत आमिषाची टाकी, वेग घेतला की पाणी येणं बंद

१८ फुटी फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. जिवंत आमिषासाठी ८० लिटरची टाकी बसवतोय. टाकी लंबगोल घेतली, कारण चौकोनी टाकीत मासे कोपऱ्यात गर्दी करतात आणि तोंडं घासून घेतात. होडीच्या तळाला भोक पाडून त्यात सपाट जाळी, वर व्हॉल्व्ह, मग फूटभर आडव्या नळीने १२ व्होल्टचा पंप (ताशी ५०० गॅलन) आणि तिथून पाऊण इंची नळी टाकीत. जादा पाणी वरच्या भोकातून समुद्रात. तीही नळी पाऊण इंचीच.

होडी उभी असताना सगळं झकास. वेग घेतला, होडी पाण्यावर उचलली गेली की धार तुटते. थांबल्यावरही पंप नुसता घरघरतो, पाणी ओढत नाही. आणि पंप पूर्ण सोडला की टाकी काठावरून सांडते. मोठा पंप घेऊ का?

प्रतिसाद
मोठा पंप नको. ५०० गॅलन म्हणजे साधारण १९०० लिटर. चढ आणि वळणांमुळे प्रत्यक्षात कमीच मिळतं, तरी तुमच्या टाकीचं पाणी दर दहा मिनिटांनी बदलायला ताशी ४८० लिटर पुरतात. उलट जोराच्या धारेत मासे पोहून पोहून दमतात आणि दमलेलं आमिष गरीला लावून उपयोग नाही.

खरी गोची सपाट जाळीत आहे. वेगात पाणी तिच्यावरून सरकत जातं आणि सोबत हवेचे बुडबुडे आत येतात. हे पंप हवा ओढू शकत नाहीत, पोटात हवा अडकली की पातं नुसतं फिरतं. जाळीच्या जागी पुढे तोंड असलेला स्कूप (पाणी आत घेणारं पळीसारखं टोपण) लावा, वेगात पाणी आपोआप आत रेटलं जाईल. जागा अशी हवी की होडी उचलली गेल्यावरही तो भाग पाण्यातच राहील. पण प्रोपेलरच्या सरळ रेषेत पुढे नको, स्कूपमागचं खवळलेलं पाणी थेट पात्यांवर जातं. आडवी नळी काढा. पंप व्हॉल्व्हलगत, पाण्याच्या पातळीखाली, आणि पुढची नळी कुठेही झोळ न देता सतत चढती. मग हवा स्वतःच वर निघून जाते.

सांडण्याचं म्हणाल तर आत पाणी पंपाच्या जोराने येतं, बाहेर फक्त उताराने जातं. निचऱ्याची नळी दीड इंची करा. व्यास दुप्पट, तोंड चौपट.

धागाकर्ता
धन्यवाद! स्कूपचं डोक्यातच आलं नव्हतं. टाकी नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला ठेवली तर मागे जागा मोकळी राहते. चालेल का? आणि इंजिन बंद ठेवून पंप चालू राहिला तर बॅटरी?

प्रतिसाद
नाळेकडे नको. भरलेली टाकी नुसत्या पाण्यानेच ८० किलोच्या वर जाते आणि लाटेवर सगळ्यात जास्त आपटतं ते पुढचं टोक. मध्यरेषेवर, मध्यापासून थोडी मागे ठेवा. निम्मी भरून कधीच चालवू नका. पाणी एका बाजूला धावलं की होडी कलते आणि माशांचे खवले निघतात. घट्ट झाकण, पाणी झाकणापर्यंत.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. पंप ३ अँपिअर घेत असेल तर आठ तासांत २४ अँपिअर-तास गेले. इंजिन सुरू करायची बॅटरी यासाठी वेगळीच ठेवा. फ्यूज बॅटरीजवळ, वायर जाड. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि पंप मंदावतो.

प्रतिसाद
वरच्या सगळ्याला +१, फक्त एक भर. नदीच्या मुखाशी गोडं किंवा गढूळ पाणी लागलं की बाहेरचं पाणी आत घेणं हाच घात. तिथे टाकीतलंच पाणी फिरवणारा दुसरा छोटा पंप हवा, फवारा वरून पडेल असा. आमिष मात्र कमी भरा. कोमट पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो आणि बंद पाण्यात माशांचाच अमोनिया साचत जातो. स्वच्छ खारं पाणी लागताच पुन्हा मुख्य पंपावर या.