मदत हवी आहे : खर्च न वाढवता अलायन्समध्ये टिकून राहता येतं का?

निशिगंधा :

नमस्कार मंडळी,

अकरा महिन्यांपासून मी मोबाइलवर एक स्ट्रॅटेजी गेम खेळते आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही; या जातीचे बहुतेक गेम आतून सारखेच असतात. आपला किल्ला, पायदळ-घोडदळ-तिरंदाज, हिरो, शंभरेक जणांची अलायन्स (एकत्र लढणाऱ्या खेळाडूंचा गट) आणि दर सीझनला शेजारच्या किंगडमशी युद्ध. गेम फुकट आहे, आणि पहिले दोन महिने खरंच एक पैसा लागला नाही. आता लागतोय. किती लागू द्यायचा हे माझं मला ठरवता येईना, म्हणून इथे विचारते आहे.

गेल्या युद्धातली एक रात्र सांगते. आमच्या ताब्यातल्या खिंडीवर समोरच्यांनी चार रॅल्या (अनेकांनी मिळून केलेले हल्ले) लावल्या. अडीच वाजले होते. लीडरदादांचा मेसेज आला, 'जे जागे आहेत त्यांनी खिंडीत सैन्य भरा.' मी माझं सगळं टी४, म्हणजे चौथ्या दर्जाचं, घोडदळ पाठवलं. समोरून त्याहून वरचं टी५ आलं. पहिल्याच धडकेत हॉस्पिटलच्या सगळ्या खाटा भरल्या, आणि खाटा भरल्या की पुढचे सैनिक जखमी होत नाहीत, मरतात. दोन महिन्यांचं ट्रेनिंग सात-आठ मिनिटांत गेलं. मी अजून बॅटल रिपोर्ट वाचत होते, तोच स्क्रीनवर विकत घ्यायचा पॅक उघडला. स्पीडअप (वाट पाहायचा वेळ कमी करणारे), जखमी बरे करायचं साहित्य, थोडे जेम्स (गेममधलं नाणं) आणि कोपऱ्यात वीस मिनिटांचं उलटं घड्याळ. मी घेतला. बोटाचा ठसा ठेवला की झालं, मध्ये विचाराला जागाच नाही. पहाटेपर्यंत आणखी दोन घेतले. खिंड राहिली, हेही सांगायला हवं. सगळ्यांनी नाव घेऊन आभार मानले आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी प्ले स्टोअरमधली खरेदीची यादी उघडली. अंगठ्याने वर सरकवत होते, ती संपेना. वही घेऊन महिनावार बेरीज केली. सुरुवातीला फक्त मासिक कार्ड (महिनाभर रोज थोडे जेम्स) आणि दुसरा बिल्डर, म्हणजे बांधकाम करणारा. पाचव्या महिन्यापासून हिरोचे तुकडे, जे जमवून हिरो पूर्ण होतो. गेल्या तीन महिन्यांत मिळून गेलेली रक्कम माझ्या एका महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त भरली. यातली एकही खरेदी करताना मोठी वाटली नव्हती. घरी अजून सांगितलेलं नाही, आणि ते मला टोचतं आहे.

त्याच वहीत शेजारी एक रकाना आखून अलायन्समधला माझा क्रमांक लिहिला. दर महिन्याला क्रमवारीचा स्क्रीनशॉट काढायची सवय होती, म्हणून जमलं. हिरोवर पैसे घालायला लागले तेव्हा मी चौदावी होते. आज सोळावी आहे. ही दोन आकड्यांची ओळ पाहून मी बराच वेळ गप्प बसले. किल्ल्याची लेव्हल चढते तसा बांधकामाचा वेळ तासांवरून दिवसांवर आणि दिवसांवरून आठवड्यांवर जातो. एकाने स्पीडअप घेतले की तो पुढे सरकतो, मग मागचाही घेतो, आणि आम्ही सगळे पुन्हा तेवढ्याच अंतरावर. सहाव्या महिन्यात मी जो हिरो पूर्ण केला, त्याला आठव्या महिन्यात आलेला नवा हिरो सहज हरवतो. नवा मिळतो फक्त इव्हेंटच्या चाकावर, पैसे देऊन फिरवायच्या, नशिबाच्या. जुन्यावर घातलेलं परत येत नाही, आणि तेच वाया जाऊ नये म्हणून पुन्हा घालावंसं वाटतं.

'सोडून दे' हे उत्तर मलाही सुचलेलं आहे. पण तिथे माझी माणसं आहेत. एक काका आहेत, पहिल्या महिनाभर ते रोज न चुकता लिहायचे, 'पोरी, झोपायच्या आधी शिल्ड टाकलीस का?' (शिल्ड म्हणजे किल्ल्याला हल्ल्यापासून वाचवणारं कवच.) मी एकदा विसरले तेव्हा फोन करून उठवलं होतं. अशी आठ-दहा माणसं आहेत, आणि ती मला तोडायची नाहीत.

अडचण अशी की लीडरदादांनी पुढच्या सीझनसाठी अट घातली आहे : मुख्य अलायन्समध्ये राहायचं तर टी५ हवं, नाहीतर दुसऱ्या अलायन्समध्ये जायचं. टी५चं संशोधन पैसे न घालता पुरं व्हायला मला अजून पाच महिने लागतील. सीझन तीन आठवड्यांवर आला आहे.

ठरावीक छोट्या रकमेत, किंवा काहीही न घालता, लढाईत खरंच उपयोगी पडणारं कोणी इथे आहे का? काय घ्यावं आणि कशाला हातही लावू नये? लीडरशी हे कसं बोलावं? आणि फोनवर असा काही अडसर आहे का, जो रात्री अडीच वाजताही टिकेल?

—

कोरी_पाटी :

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. मी दोन वर्षांचं अकाउंट सोडलं. पहिला आठवडा हात सारखा फोनकडे जायचा, नंतर थांबला. ज्यांच्याशी खरी मैत्री होती ते आजही बोलतात, गेमशिवाय. पण आधी घरी सांगा. ते मनावरून उतरल्याशिवाय बाकीचा निर्णय नीट होणार नाही.

—

जुना_शिलेदार :

मी चार वर्षं याच जातीचे गेम खेळतो आहे आणि सोडा म्हणणार नाही. पण तुम्ही ज्या जागी उभ्या राहून लढता आहात ती जागा बदला.

बहुतेक गेममध्ये रॅली कशी चालते ते नीट पाहा. लढाईत हिरोची कौशल्यं मोजली जातात ती रॅली लावणाऱ्याची. त्यात सामील होणाऱ्यांचं फक्त सैन्य जातं. खिंडीच्या किंवा किल्ल्याच्या बचावातही तसंच, तिथे ज्याला कॅप्टन केलंय त्याचे हिरो चालतात. म्हणजे तुम्ही हिरोवर घातलेला बराचसा पैसा त्या रात्री वापरलाच गेला नाही. तुमच्या गेममध्ये हे असंच आहे का, ते बॅटल रिपोर्टमध्ये तपासा. कॅप्टनचं नाव आणि हिरो सगळ्यात वर दिसतील. असंच असेल तर नव्या हिरोमागे धावणं तुमचं कामच नाही. ते रॅली लावणाऱ्या तीन-चार जणांचं काम.

सामील होणाऱ्याला काय लागतं? सगळ्यात आधी हॉस्पिटल. तुमचं सैन्य मेलं ते टी४ होतं म्हणून जेवढं, तेवढंच खाटा कमी होत्या म्हणून. त्या वाढवायला पैसे लागत नाहीत, बिल्डरचा वेळ लागतो, आणि लोक तो किल्ल्याच्या लेव्हलवर घालवतात कारण पॉवरचा आकडा तिथे पटकन फुगतो. आणि सगळं सैन्य एकदम भरू नका. खाटा मावतील तेवढंच आत ठेवा, बरं करा, पुन्हा पाठवा.

दुसरं, एकच दल धरा. घोडदळ असेल तर घोडदळच. संशोधन, साहित्य, सगळं तिकडेच. तिन्ही दलं सारखी वाढवायची हौस फक्त भरपूर पैसे घालणाऱ्यांना परवडते.

तिसरं, स्पीडअप रोज उडवू नका. साठवा आणि ज्या इव्हेंटमध्ये ट्रेनिंगला गुण मिळतात त्याच दिवशी वापरा. एकाच खर्चात सैन्य आणि बक्षीस दोन्ही पदरात पडतात. मी सहा-सहा आठवडे साठवतो.

घ्यायचंच असेल तर दुसरा बिल्डर एकदा, आणि मासिक कार्ड, तेही रोज लॉगिन होत असेल तरच, कारण त्यातले जेम्स रोज उचलावे लागतात. हरल्यावर समोर येणारा पॅक कधीच नाही. तुमच्या खिंडीवर ज्या मिनिटाला सैन्य मेलं त्याच मिनिटाला तो तिथे होता, हे लक्षात घ्या.

टी५साठी आत्ता धावू नका. खाटा नसताना टी५ मेलं तर ते पुन्हा उभं करणं टी४पेक्षा कितीतरी महाग पडतं.

—

शून्य_पूर्णांक :

चाकाबद्दल थोडं सांगतो, कारण तिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये नियम केला की पैसे घेऊन नशिबाच्या पेट्या उघडायला देणाऱ्या गेमनी त्यात काय मिळण्याची किती शक्यता आहे ते खरेदीच्या आधी दाखवायचं. गुगल प्लेवर असाच नियम २०१९ मध्ये आला. म्हणून चाकाच्या पानावर कुठेतरी एक छोटं बटण असतं, त्यात टक्केवारी असते. ती वाचा.

समजा, हिरो मिळायची शक्यता १ टक्का लिहिली आहे. मनात आपण धरतो की शंभरदा फिरवलं की मिळणारच. तसं नाही. शंभरदा फिरवूनही एकदाही न मिळण्याची शक्यता साधारण ३७ टक्के राहते. २३० वेळा फिरवलं तरी दहातल्या एकाच्या हाती काहीच लागत नाही. काही गेममध्ये ठरावीक फेऱ्यांनंतर हिरो नक्की देतात. तसं असेल तर 'मिळेपर्यंत' असा हिशेब करूच नका, त्या शेवटच्या फेरीपर्यंतची पूर्ण किंमत काढा आणि तीच हिरोची किंमत समजा. ती रक्कम एकरकमी द्यायची तयारी नसेल तर पहिली फेरीही फिरवू नका.

आणि जेम्समध्ये हिशेब करणं सोडा. मधलं नाणं आलं की खऱ्या पैशाचा अंदाज सुटतो. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी याच गोष्टीवर तत्त्वं जाहीर केली : गेममधल्या वस्तूची किंमत खऱ्या चलनातही स्पष्ट दिसावी, आणि ग्राहकाला नको इतके जेम्स घ्यायला लावू नयेत. तुमच्या गेममध्ये असं दिसत नसेल तर वहीत स्वतः लिहा. एक जेम किती पैशांचा, एक फेरी किती पैशांची. मी तो आकडा फोनच्या कव्हरवर चिकटवला होता.

—

खिंडीचा_राखणदार :

मी स्वतः अलायन्स चालवतो, म्हणून लीडरच्या बाजूने लिहितो. अट घालताना आमच्या डोळ्यांपुढे फक्त क्रमवारी असते. मागच्या वर्षी मीही पॉवरची अशीच अट घातली. तीन जण काहीही न बोलता निघून गेले. त्यातला एक आमचा रात्रीचा पहारेकरी होता. शत्रूचे स्काउट कुठून येतात ते तोच सांगायचा. पुढच्या युद्धात आम्हाला दोन चौक्या गमवाव्या लागल्या, दोन्ही रात्री. टी५वाले सगळे झोपले होते. त्याने मला आधी सांगितलं असतं तर मी अट बदलली असती, असं आज वाटतं. पण मी कुणाला विचारलंही नव्हतं, ही चूक माझी.

तेव्हा तुम्ही बोला. गटात नको, दादांना एकट्याला मेसेज करा. 'मला परवडत नाही' इतकं स्वच्छ लिहायला लाजू नका. लीडरला ते कळतं, कारण बऱ्याचदा तोही त्याच गाळात असतो. मग तुम्ही काय देऊ शकता ते सांगा : कुठल्या वेळेला जाग्या असता, रॅली किती मिनिटांत भरता, गॅदरिंग (खाणींवरून साहित्य गोळा करणं) किती करता. युद्धात पाच मिनिटांत पोहोचणारं टी४ मला दुपारी उठून येणाऱ्या टी५पेक्षा जवळचं आहे.

एक विनंती. त्या रात्री आभार मानणाऱ्यांत मी असतो तर मीही मानले असते, आणि तुम्ही पॅक घेतलेत हे मला कळलंही नसतं. आमच्या आभारांचा अर्थ 'पुन्हा घ्या' असा लावू नका.

—

मधली_सुट्टी :

अडसराचं विचारलंत म्हणून. प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट ठरवता येतं, पण ते फक्त सूचना देतं, खरेदी अडवत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक खरेदीला पडताळणी सुरू ठेवा, बोटाचा ठसा बंद करा आणि पासवर्ड टाकावा लागेल असं करा, लांबलचक. मुख्य म्हणजे खात्यात साठवलेलं कार्ड काढून टाका. आयफोन असेल तर स्क्रीन टाइममध्ये जाऊन ॲपमधली खरेदी सरसकट बंद करता येते; त्याचा पासकोड घरातल्या माणसाला ठेवायला द्या.

त्या रात्रीच्या पॅकसाठी रिफंड मागायचा असेल तर गुगलकडे पहिल्या ४८ तासांत विनंती करता येते. त्यानंतर गेम बनवणाऱ्या कंपनीकडेच मागावा लागतो. पण पॅक वापरलेला असेल तर फार आशा धरू नका, आणि रिफंडनंतर काही गेम अकाउंटवर कारवाई करतात, तेव्हा आधी नियम वाचा.

—

निशिगंधा :

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाने सांगते.

कोरी_पाटी, काल रात्री घरी सांगितलं. वही पुढे ठेवली. रागावणं झालं, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर निवळलं. कार्ड स्टोअरमधून काढलं आहे, पासवर्ड आता माझ्याकडे नाही.

शिलेदारदादा, तुमचं खरं निघालं. रिपोर्ट उघडला तर खिंडीत कॅप्टन म्हणून दुसऱ्याच्याच हिरोचं नाव आहे. माझा हिरो त्या लढाईत कुठेच नव्हता. मी बिल्डर लगेच हॉस्पिटलवर लावला, चार दिवसांत पुढची लेव्हल होईल.

लीडरदादांना एकट्याला लिहिलं. त्यांनी आज सकाळी उत्तर दिलं की टी५ची अट रॅली लावणाऱ्यांपुरतीच ठेवतो, बाकीच्यांनी रॅली वेळेत भरावी. आणखी चार जणांनी त्यांना हेच कळवलं होतं म्हणे. त्यातले एक आमचे काका आहेत.

आता एकच विचारायचं राहिलं. रात्रीच्या बचावाला तीन मार्च, म्हणजे सैन्याच्या तुकड्या, पाठवता येतात. खाटांएवढं सैन्य तिन्हीत वाटून ठेवावं, की एकातच भरून बाकीचे दोन रिकामे ठेवावे?

—

जुना_शिलेदार :

एकात भरा. बाकीचे दोन गॅदरिंगला लावा, पण किल्ल्याजवळच्या खाणींवर, म्हणजे बोलावलं की दोन मिनिटांत परत येतात. आणि खिंडीत जाण्याआधी शिल्डचं काय ते ठरवा : बऱ्याच गेममध्ये हल्ला केला तर शिल्ड तुटते, कुमक पाठवली तर टिकते. तुमच्यात कसं आहे ते युद्धाआधी काकांना विचारून घ्या.