गावातल्या संस्थांसाठी चालवलेली फुकट इंटरनेट सेवा: चालू ठेवावी की आवरती घ्यावी?

किनारपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली ११ वर्षं आम्ही पाच जण रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्थानिक संस्थांसाठी एक छोटी सेवा चालवतोय. संस्थेची वेबसाइट, संस्थेच्या नावाचे ईमेल पत्ते, सभासदांना एकगठ्ठा पत्र पाठवायची मेल-यादी, आणि लागलंच तर कार्यालयात जाऊन राउटर बसवून देणं. आज २३ संस्था आहेत. सार्वजनिक वाचनालय, मूकबधिर मुलांची शाळा, रक्तदात्यांचा गट, दरीत अडकलेल्यांना काढणारं गिर्यारोहकांचं पथक, दोन बचत गट, एक भजनी मंडळ. कुणाकडून एक पैसा घेत नाही. भाड्याच्या सर्व्हरचे महिन्याला १,८०० रुपये होतात, ते आम्ही वाटून घेतो.

मागच्या वर्षी आमच्यातला सगळ्यात जाणकार मित्र अचानक गेला. तेराव्यानंतर कळलं की २३ पैकी ९ संस्थांची डोमेन (म्हणजे वेबसाइट आणि ईमेलच्या पत्त्यातलं संस्थेचं नाव) त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत आणि ओटीपी त्याच्याच नंबरवर जातो. वहिनींनी त्याचा फोन बंद केला नव्हता. देवघराशेजारच्या कोनाड्यात चार्जिंगला लावून ठेवला होता. आम्ही समोर लॅपटॉप घेऊन बसायचो, ओटीपी आला की त्या चष्मा लावून सहा आकडे वाचून दाखवायच्या. असं तीन संध्याकाळी चाललं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भावजी, आता हा नंबर बंद करू ना?" त्या प्रश्नाने मी हललो. एका माणसाच्या चांगुलपणावर नऊ संस्था उभ्या होत्या आणि त्यातल्या एकाही अध्यक्षाला ते ठाऊक नव्हतं. आम्हीही कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्यात दोन तट आहेत. दोघं म्हणतात, सगळं मोठ्या कंपन्यांच्या फुकट योजनांवर हलवा आणि मोकळे व्हा. माझं मत वेगळं आहे. सेवा चालू राहावी, पण फुकट नको. प्रत्येक संस्थेने वर्षाला १,५०० रुपये वर्गणी द्यावी, डोमेन स्वतःच्या नावावर घ्यावं आणि एक जबाबदार माणूस नेमून द्यावा.

मोठ्या कंपनीचं फुकट कायमचं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी याहू ग्रुप्स ही गटांना पत्रव्यवहारासाठी मिळणारी फुकट सेवा आठवावी. आमच्या गिर्यारोहकांचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार तिथे होता. २०१९ च्या शेवटी जुना मजकूर उडवला आणि डिसेंबर २०२० मध्ये दुकान बंद. गूगलने जानेवारी २०२२ मध्ये 'जी सूट' ही संस्थेच्या नावाने ईमेल देणारी त्यांची सेवा जुन्या काळापासून फुकट वापरणाऱ्यांना पैसे भरा म्हणून सांगितलं. ओरड झाल्यावर घरगुती वापराला सूट दिली, पण तोवर चार महिने लोक टांगणीला लागले होते. २०१९ मध्ये तर डॉट ऑर्ग हे डोमेन चालवणारी ना-नफा संस्थाच एका गुंतवणूक कंपनीला एक अब्जाहून जास्त डॉलरना विकायचा घाट घातला होता. जगभरच्या संस्थांनी विरोध केला, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेनांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, तो व्यवहार अडवला.

तुमचं मत काय? सुनवायचं असेल तर मोकळेपणाने सुनवा.

नेटवर्कवाला_पुणे

वीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आवरतं घ्या.

तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. वर्गणी घेतली म्हणून रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर उठणारा माणूस निर्माण होत नाही. २३ संस्थांचे १,५०० म्हणजे वर्षाचे ३४,५००. सर्व्हरचे २१,६०० गेले की उरतात १२,९००. यात पूर्णवेळ सोडा, महिन्यातून चार तास येणारा जाणकारही मिळणार नाही.

दुसरं, ईमेल. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं हे आता हौशी माणसाचं काम राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्र खरंच त्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या खुणा) असावंच लागतं, मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना त्याहून कडक अटी. शिवाय भाड्याच्या सर्व्हरवर तुमच्या शेजारच्या पत्त्यावरून कुणी स्पॅम पाठवला की तुम्हीही काळ्या यादीत.

तिसरं, कायदा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि १८० दिवसांचे लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी) ठेवायचे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलाय, सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. तुम्हाला तेवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण रक्तदात्यांची यादी फुटली तर नोटीस कुणाच्या नावाने येईल, हे तुमच्यापैकी कुणी सांगू शकेल का?

किनारपट्टी (धागाकर्ता)

ईमेलचा मुद्दा बिनशर्त मान्य. वाचनालयाच्या वार्षिक सभेची सूचना निम्म्या सभासदांच्या स्पॅममध्ये गेली होती. सभेला आठ माणसं आली, गणपूर्तीसाठी अर्धा तास तहकूब करावी लागली. तेव्हा अध्यक्ष मला काही बोलले नाहीत, पण मला मान वर करता आली नाही.

रात्री दोनचं म्हणाल तर आमच्या २३ पैकी २१ संस्थांना रात्री दोन वाजता काहीही लागत नाही. लागतं ते गिर्यारोहक पथकाला आणि रक्तदात्यांना, आणि ते दोघंही त्या वेळी फोनच करतात. आमचं खरं काम दिवसाउजेडी असतं. नवीन चिटणीस आला, पासवर्ड सापडत नाही, जुन्या चिटणिसाशी बोलणं बंद आहे. अशा वेळी कंपनीचं मदत-पान काय कामाचं? आमच्यातला कुणीतरी जाऊन दोघांना एका टेबलाशी बसवतो.

आणि २०२१ च्या जुलैमधला पूर विसरू नका. एका संस्थेचं कपाट, रजिस्टरं, संगणक सगळं चिखलात गेलं. सभासदांची यादी आणि तीन वर्षांचे हिशेब परत मिळाले ते आमच्या बॅकअपमधून. त्या चिटणिसांना "बॅकअप घ्या" असं आधी दहा वेळा सांगितलं होतं. घेतला आम्हीच, म्हणून वाचला.

ओटावाकर

मी २००४ पासून कॅनडात आहे, म्हणून इथलं एक उदाहरण. अमेरिकेत १९८६ मध्ये क्लीव्हलंड फ्री-नेट सुरू झालं, तिथल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात, टॉम ग्रुंडनर यांच्या पुढाकाराने. गावातल्या लोकांना फुकट ईमेल, चर्चा, डॉक्टरांना प्रश्न विचारायची सोय, आणि चालवणारे स्वयंसेवक. ते बघून ठिकठिकाणी फ्री-नेट निघाली. या सगळ्यांना जोडणारी मध्यवर्ती संस्था १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि खुद्द क्लीव्हलंडचं १९९९ मध्ये बंद झालं. विद्यापीठाने वायटूकेचं, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक तारखांत गोंधळतील या अडचणीचं, कारण दिलं. यंत्रणा विद्यापीठाची होती, निर्णयही त्यांचाच. वापरणाऱ्या हजारो लोकांच्या हातात काही नव्हतं.

आमच्या ओटावात त्याच धर्तीवर नॅशनल कॅपिटल फ्रीनेट १९९२ मध्ये उभं राहिलं, तेही कार्लटन विद्यापीठाच्या आधाराने. ते टिकलं. टिकलं कारण ती सभासदांची ना-नफा सहकारी संस्था होती. डायल-अप (फोन लावून जोडायचं जुनं इंटरनेट) संपत आलं तेव्हा त्यांनी घरगुती इंटरनेट जोडण्या वाजवी दरात विकायला घेतल्या आणि त्यावर बाकीचं काम चालवलं. इथे आल्यावर माझा पहिला ईमेल पत्ता त्यांचाच, आणि फोनवर मला सेटिंग समजावणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते, स्वयंसेवक.

म्हणून किनारपट्टींच्या बाजूने माझं मत. पण दादा, तुमच्या प्रस्तावात संस्था वर्गणी भरणार आणि निर्णय तुम्ही मित्रच घेणार, असं दिसतंय. संस्थांना मताचा हक्क द्या. महाराष्ट्राला सहकार मी काय शिकवणार!

जमाखर्च

धर्मादाय संस्थांचे हिशेब बघतो, म्हणून दोन व्यवहारी गोष्टी. आज तुम्ही मित्र खिशातून खर्च करता, तोवर प्रश्न नाही. २३ संस्थांकडून वर्गणी घ्यायला लागलात की पावती कोण देणार? तुमच्यातल्या एकाच्या बचत खात्यात पैसे जमा झाले तर त्या संस्थांचे लेखापरीक्षकच आक्षेप घेतील. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला किमान सात माणसं लागतात, तुम्ही आता चारच उरलात. नोंदणी झाली की दरवर्षी लेखापरीक्षण आणि कार्यकारिणी बदलली की त्या बदलाची धर्मादाय कार्यालयात नोंद, म्हणजे चेंज रिपोर्ट. चार तरुणांचा उत्साह या कागदांतच जिरलेला मी पाहिलाय.

माझा सल्ला: नवी संस्था काढू नका. वाचनालयासारख्या जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली उपसमिती म्हणून जा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. दोनशे वर्षं टिकायची सवय आपल्याकडे वाचनालयांनाच आहे.

समुपदेशन_ताई

मी अशाच एका तालुक्यात महिलांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. धागाकर्त्यांच्या गावात नाही, पण आमच्याकडेही अशीच मित्रमंडळींनी चालवलेली सेवा होती. इथे कुणी न बोललेली गोष्ट सांगते.

आमच्याकडे येणारी बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल लिहिते, तेव्हा तिला अमेरिकेतल्या कंपनीची भीती नसते. तिला भीती असते पुढच्या आळीतल्या माणसाची. आणि तुमचा सर्व्हर सांभाळणारा मुलगा पुढच्या आळीतलाच असतो. तो सज्जन असेल. आमचाही होता. पण एका बाईचा दीर त्याच्या क्रिकेटच्या संघात होता. तिला हे कळलं त्या दिवसापासून तिने ईमेल थांबवला आणि केंद्रात यायचंही थांबवलं. मुलाने काही वाचलं होतं असं मी म्हणत नाही. वाचू शकला असता, एवढं तिला पुरेसं होतं.

त्यानंतर आम्ही आमच्या ईमेलच्या पेट्या मोठ्या कंपनीकडे नेल्या. जो मला ओळखत नाही त्याच्याकडे माझं गुपित जास्त सुरक्षित आहे, असं मला आजही वाटतं. छोट्या गावात आपुलकीचा असाही एक धाक असतो, तो सेवा देणाऱ्या पुरुषांना चटकन दिसत नाही.

किनारपट्टी (धागाकर्ता)

ताई, हे वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आमच्या यादीत असंच एक केंद्र आहे, वर मुद्दाम लिहिलं नव्हतं. सर्व्हरची किल्ली आमच्या चौघांकडे आहे आणि चौघंही पुरुष. ११ वर्षांत कुणी कुणाची पेटी उघडलेली नाही हे मी शपथेवर सांगेन. पण तुमच्या मुद्द्याला ते उत्तर नाही, हे कळतंय.

काल केंद्राच्या बाईंशी बोललो. त्यांच्या पेट्या या महिन्यातच आमच्याकडून हलवतोय. त्यांची नोंदणी आहे, कंपनीच्या ना-नफा योजनेत त्या बसतील. अर्ज भरायला मदत करू, पासवर्ड त्यांच्याच हाताने घालायला लावू आणि खोलीबाहेर थांबू.

पुढे जाऊन मी म्हणतो, ईमेल सगळ्यांचाच सोडावा. नेटवर्कवाला यांचं कारण आणि ताईंचं कारण वेगळं आहे, पण दोघांनाही माझ्याकडे उत्तर नाही. अडचण एवढीच की बचत गट आणि भजनी मंडळाकडे त्या योजनांना लागणारी नोंदणीची कागदपत्रंच नाहीत. त्यांना साधा घरगुती जीमेल पत्ता काढून द्यावा लागेल.

वारणाकाठ

१९९८ मध्ये आमच्या वारणा भागात ७० गावांना संगणकाने जोडायचा मोठा सरकारी प्रकल्प आला होता. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, बऱ्याच गोष्टी ठरल्या होत्या. शेतकरी केंद्रावर जायचा तो मुख्यतः उसाचं वजन आणि बिल बघायला. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरच्या एसएमएसने तेच काम करून पाहिलं, आणि ते स्वस्तात झालं. तुमच्या २३ संस्था काय वापरतात ते एकदा मोजा. माझा अंदाज, अर्ध्यांचं सगळं व्हॉट्सॲपवर चालत असेल. ज्यांना वेबसाइट लागतच नाही त्यांना ती ठेवायला लावू नका.

नेटवर्कवाला_पुणे

मेल काढून टाकणार असाल तर माझा अर्धा विरोध मावळला. साध्या, न हलणाऱ्या पानांच्या वेबसाइट ठेवा, त्या पडत नाहीत आणि फोडायलाही फारसं काही नसतं. सर्व्हरचा खर्चही निम्म्यावर येईल. रक्तदात्यांची यादी मात्र तुमच्याकडे नको, या मतावर मी ठाम आहे. आणि बिल एकाच्या कार्डावर ठेवू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा आपोआप वजावटीचा नियम बदलला तेव्हा परदेशी सर्व्हरची बिलं न भरली गेल्याने बंद पडलेल्या तीन संस्थांच्या साइट मी स्वतः उठवल्यात.

वाचनालयातून

मी धागाकर्त्यांच्याच गावातल्या वाचनालयात आहे, मुलाने हा धागा दाखवला म्हणून खातं काढलं. सभेच्या सूचनेचं आमच्यावर शेकलं होतं, पण भाऊ, राग नव्हता. तुम्ही फुकट करता म्हणून बोलायची चोरी होती. १,५०० रुपये भरले असते तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला बोलावून खडसावलं असतं. मला वाटतं वर्गणी त्यासाठीच घ्या.

आमच्या कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी आहे. उपसमितीचा विषय मी पत्रिकेवर घेते. आमचं डोमेन अजून तुमच्या त्या मित्राच्या नावावर आहे का, ते कळवा. नावावर करून घ्यायला ठराव लागेल की नुसतं लेटरहेडवर पत्र चालेल?

किनारपट्टी (धागाकर्ता)

ताई, तुमचं डोमेन त्या नऊमधलंच. सध्या माझ्या नावावर आणलंय, म्हणजे चूक तशीच आहे, फक्त माणूस बदललाय. ठराव घ्याच, आणि त्यात नाव नको, "चिटणीस" हे पद लिहा. ओटीपीसाठी वाचनालयाच्या नावाने वेगळं सिमकार्ड घेऊ, ते टेबलाच्या खणात राहील. रविवारी साडेचारला लॅपटॉप घेऊन येतो. बाकी आठ संस्थांच्या चिटणिसांनाही तिथेच बोलावतो.